सेडानचे ब्रेक घरच्या घरी अपग्रेड करायचेत? काय बदलावं, कसं बदलावं आणि कुठे थांबावं

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या एका मित्राने सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या सेडानचे पुढचे ब्रेक पॅड बदलले. व्हिडिओ बघून, दोन तासांत, अगदी नीट. चाकं बसवली, जॅक काढला, गाडी सुरू करून रिव्हर्स टाकला आणि ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला टेकलं. गाडी मागच्या खांबावर आदळूनच थांबली. बंपर फुटला. मागे कोणी उभं नव्हतं, हे नशीब.

पॅड बरोबर बसले होते. चूक एकच झाली होती. काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबायचं असतं, तेवढं राहून गेलं होतं.

ब्रेकचं काम असंच असतं. ते फार अवघड नसतं, पण त्यातली एखादी छोटी गोष्ट राहिली तरी ती भोवते. त्यामुळे ब्रेक अपग्रेड करण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं माहीत हवीत. नेमकं काय बदलल्याने फरक पडतो? त्यातलं घरी काय करता येतं? आणि कोणत्या कामाला घरी हात लावायचा नाही?

लोकांना ब्रेक अपग्रेड का करावेसे वाटतात?

उदाहरण म्हणून फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेऊ. पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणारी ही सेडान २०२२ मध्ये बाजारात आली. १.५ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क. पुढच्या चाकांना डिस्क, पण मागच्या चाकांना ड्रम ब्रेक. तिची जुळी बहीण म्हणता येईल अशी स्कोडा स्लाव्हिया १.५ हीसुद्धा त्याच वर्षी असेच ब्रेक घेऊन आली.

इथूनच चर्चा सुरू झाली. "एवढी पळणारी गाडी आणि मागे ड्रम?" मग कोणी मागे डिस्क बसवायचं म्हणतं, कोणी पुढे मोठे लाल कॅलिपर, तर कोणी भोकं पाडलेल्या डिस्क.

पण सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी.

गाडी थांबवतं कोण?

ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवतो टायर.

जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवते आणि 'टरटर' असा आवाज येतो. तो एबीएसचा असतो. त्याचा अर्थ असा की ब्रेकने चाक जवळजवळ जाम केलंय, टायरची पकड संपत आलीय आणि चाक घसरू नये म्हणून एबीएस ब्रेकचा दाब कमी-जास्त करतोय. म्हणजे ब्रेककडे ताकद शिल्लक आहे, टायरकडे पकड शिल्लक नाही.

तुमच्या गाडीत एबीएस सहज चालू होत असेल, तर मोठे ब्रेक लावून एका इमर्जन्सी ब्रेकिंगमधलं अंतर फारसं कमी होणार नाही. ते कमी होईल चांगल्या टायरने.

आकड्यांत बघू. गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल, तर ती एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची पकड असेल, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत साधारण ४४ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर घासलेल्या टायरमुळे पकड निम्मी झाली, तर तेच अंतर ८८ मीटरच्या आसपास जातं. ब्रेक तेच, डिस्क तीच, फक्त टायर आणि रस्ता वेगळा.

म्हणून यादीत पहिला नंबर टायरचा. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. '२३२४' असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला असं धरतात, पण पावसाळ्यात त्याच्या बरंच आधी बदललेला बरा.

मग ब्रेक अपग्रेडचा फायदा कशात आहे?

उष्णतेत.

ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. माणसांसकट १३०० किलोची गाडी ताशी १०० वरून शून्यावर आणली, की सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. एवढ्या ऊर्जेत दीड लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत येतं. ताशी १४० वरून थांबलात, तर जवळपास दुप्पट.

एकदा थांबायला कोणतेही ठीकठाक ब्रेक पुरतात. प्रश्न येतो पुन्हा पुन्हा ब्रेक लावल्यावर. खंडाळ्यावरून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. या उताराची ऊर्जा काढली तर ती ७००० किलोज्यूलच्या घरात जाते. म्हणजे १०० च्या वेगावरून १४ वेळा थांबण्याएवढी. यातली काही ऊर्जा हवेचा आणि इंजिनाचा विरोध खातो. पण गिअर न्यूट्रलमध्ये टाकून किंवा वरच्या गिअरमध्ये नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर बहुतेक भार ब्रेकवरच येतो.

मग दोन गोष्टी होऊ शकतात. पहिली, पॅड इतके तापतात की त्यांची पकड कमी होते. पेडल कडकच लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी, कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल उकळतं. त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. दोन्हींना ब्रेक फेड म्हणतात.

चांगला अपग्रेड म्हणजे दहाव्या ब्रेकलाही पहिल्यासारखीच पकड देणारा.

कोणत्या क्रमाने बदलायचं?

१. टायर. त्याबद्दल वर आलंच.

२. ब्रेक ऑइल. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जितकं पाणी जास्त, तितका उत्कलनबिंदू कमी. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हाच एक अपग्रेड आहे. मात्र डॉट ५ आणि डॉट ५.१ मध्ये गोंधळ करू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते इतर ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या रोजच्या गाडीत वापरायचं नसतं.

३. ब्रेक पॅड. खरा फरक इथे जाणवतो. कंपनीचे पॅड शांत, कमी धूळ करणारे आणि थंडीतही लगेच पकडणारे असतात. रस्त्यासाठीचे थोडे स्पोर्टी पॅड जास्त तापमानापर्यंत पकड टिकवतात. पण रेसिंगचे पॅड रस्त्यावर लावू नका. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडताना समोर लहान मूल आलं, तर तुमचे पॅड थंडच असणार.

४. डिस्क. जुनी डिस्क झिजली असेल तर चांगल्या कंपनीची साधी व्हेंटिलेटेड डिस्क पुरेशी आहे. भोकं पाडलेली डिस्क दिसायला भारी, पण सतत तापल्यावर भोकांच्या कडेने तडे जाण्याचा धोका असतो. शिवाय भोकांमुळे उष्णता साठवणारं लोखंडही कमी होतं.

५. स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप. रबरी पाइप दाबाखाली किंचित फुगतात, हे फुगत नाहीत. पेडल जास्त घट्ट लागतं. थांबण्याचं अंतर त्यामुळे फारसं बदलत नाही.

६. बिग ब्रेक किट. मोठी डिस्क, चार किंवा जास्त पिस्टनचे कॅलिपर. ट्रॅकवर जाणाऱ्यांना याचा उपयोग आहे. पण व्हर्टस जीटीला मुळात १६ इंची चाकं आहेत, मोठी डिस्क त्यात मावेलच असं नाही. म्हणजे चाकं बदला, टायर बदला, खर्च वाढवा. कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले तर त्यांना जास्त ऑइल लागतं. मास्टर सिलिंडर तोच राहिला की पेडल जास्त खाली जातं.

आणि मागचे ड्रम?

जोरात ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं. अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या सेडानमध्ये ब्रेकिंगचा मोठा वाटा, साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त, पुढचे ब्रेक उचलतात. मागच्या ब्रेकला काम कमीच असतं. सतत तापवल्यावर डिस्क ड्रमपेक्षा लवकर थंड होते हे खरं. पण रोजच्या वापरात ड्रम मागे पुरतो.

उलट, मागे डिस्क बसवायची म्हणजे हँडब्रेकची केबल, माउंटिंग, पाइप आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल, सगळंच बदलतं. एबीएस आणि ईएससी मूळ ब्रेकच्या हिशोबाने बसवलेले असतात. मागचे ब्रेक गरजेपेक्षा जास्त धरायला लागले, तर वळणावर गाडीची मागची बाजू निसटू शकते. हे काम घरी करायचं नाही.

घरी पॅड कसे बदलायचे?

साहित्य: जॅक, दोन जॅक स्टँड, टॉर्क पाना, योग्य मापाचे पाने, पिस्टन ढकलायला सी-क्लॅम्प, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ब्रेकसाठीचं ग्रीस, जाड तार, हातमोजे, चष्मा आणि मास्क. शिवाय गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. कोणता बोल्ट किती न्यूटन मीटरला घट्ट करायचा, हे त्यातच बघा. व्हिडिओतला आकडा दुसऱ्या गाडीचा असू शकतो.

पायरी १. गाडी सपाट, टणक जमिनीवर लावा. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दगड लावा. चाकाचे बोल्ट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करा.

पायरी २. कंपनीने सांगितलेल्या जागीच जॅक लावा आणि लगेच जॅक स्टँडवर गाडी टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीजवळ हात घालू नका. विटा तर अजिबात नकोत, त्या फुटतात.

पायरी ३. एका वेळी एकच चाक उघडा. अडलात तर दुसरी बाजू नमुना म्हणून बघता येते.

पायरी ४. कॅलिपरचे बोल्ट काढून कॅलिपर बाजूला करा आणि तारेने स्प्रिंगला अडकवा. त्याला ब्रेक पाइपवर लोंबकळत ठेवू नका. पाइप आतून फाटला तर बाहेरून दिसत नाही.

पायरी ५. जुने पॅड बघा. आतला आणि बाहेरचा सारखे झिजलेत का? एकच बाजू जास्त झिजली असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या असण्याची शक्यता आहे. त्या साफ न करता नवे पॅड घातले तर तेही तसेच झिजतील. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजा, कमी असेल तर डिस्क बदला.

पायरी ६. धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या किंवा बिननावाच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. स्प्रेने ओलं करून पुसा.

पायरी ७. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण सैल करा आणि पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू मागे ढकला. ऑइल वर येतं, सांडू देऊ नका. ते गाडीचा रंग खातं. मागच्या चाकांना डिस्क आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीत पिस्टन असा ढकलायचा नसतो. आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड लावावा लागतो.

पायरी ८. नवे पॅड बसवा. ग्रीस फक्त पॅडच्या कानांना आणि सरकत्या पिनांना, तेही ब्रेकसाठीचंच. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला ग्रीसचा थेंबही लागू देऊ नका. लागलाच तर डिस्क क्लीनरने पुसा, पॅड मात्र बदला.

पायरी ९. कॅलिपरचे बोल्ट टॉर्क पान्याने कसा. चाक लावा, गाडी खाली घ्या, मग चाकाचे बोल्ट समोरासमोर या क्रमाने घट्ट करा.

पायरी १०. आता, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. मागे ढकललेले पिस्टन पुन्हा पॅडला टेकायला हवेत. त्यानंतर ऑइलची पातळी बघा, झाकण लावा आणि चालण्याच्या वेगात दोन-तीन वेळा ब्रेक लावून बघा.

नवे पॅड लगेच पकडत का नाहीत?

नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा लागतो. त्याला बेडिंग म्हणतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या आसपास जाऊन मध्यम जोराने १० पर्यंत वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही. असं आठ-दहा वेळा. मग काही मिनिटं ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवून ब्रेक थंड होऊ द्यायचे. पॅडच्या कंपनीची पद्धत वेगळी असेल तर तीच पाळा. तापलेले ब्रेक दाबून गाडी उभी ठेवली तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं.

ब्रेक ऑइल घरी बदलावं का?

करता येतं, पण दोन माणसं आणि संयम लागतो. गॅरेजमध्ये याला 'एअर काढणं' म्हणतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने कॅलिपरवरचा निपल सैल करून पारदर्शक नळीतून जुनं ऑइल बाटलीत काढायचं आणि निपल बंद केल्यावरच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा आत जाते. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा.

डब्यातलं ऑइल कधीही पूर्ण संपू देऊ नका. हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर ती काढायला बहुतेकदा स्कॅनरच लागतो. ऑइल नेहमी नव्या, सीलबंद डब्यातलं वापरा. वर्षभर उघडा राहिलेला डबा कचऱ्यात जमा. आणि ब्रेकच्या डब्यात चुकूनही इंजिन ऑइल घालू नका. सगळ्या सीलचं रबर खराब होतं. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजला द्या.

शेवटी इंजिन सुरू करून पेडल जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती किंवा हवा आहे. अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही, टो करून गॅरेजला न्यायची.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मूळ मापाचे पॅड, डिस्क आणि योग्य दर्जाचं ऑइल बदलणं ही देखभाल आहे. पण ब्रेकची रचनाच बदलणार असाल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा. वॉरंटीचाही प्रश्न असतो. आणि अपघातानंतर विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर दाव्यावर वाद होऊ शकतो.

कुठे थांबायचं?

पुढचे पॅड बदलणं आणि हात बसल्यावर डिस्क बदलणं, हे घरी जमण्यासारखं आहे. ऑइल बदलायचं तर पहिल्या वेळी जाणकार माणूस सोबत हवाच. कॅलिपर उघडणं, ब्रेक पाइप बदलणं, मागे ड्रमच्या जागी डिस्क, बिग ब्रेक किट आणि एबीएसशी संबंधित काहीही, ही सगळी कामं चांगल्या गॅरेजची. एखादा बोल्ट गोल झाला, पिन अडकली, पेडल मऊ लागलं, तर तिथेच थांबा. मेकॅनिकला घरी बोलावणं यात कमीपणा नाही.

आणि एक उपाय फुकट आहे. घाट ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरा. इंजिन गाडीला मागे ओढतं, ब्रेक थंड राहतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी साथ देतात.

माझा मित्र आता पॅड बदलून झाले की स्टिअरिंगवर एक चिठ्ठी चिकटवतो. त्यावर एकच शब्द असतो: 'पंप'.